चारं काळी होऊ द्या: चारोळी आणि बिब्बा गोळा करायला नव्याने उतरणाऱ्यांसाठी

चैत्र निम्मा सरला की किनवट-माहूरच्या डोंगरात एक शर्यत लागते. चाराच्या, म्हणजे चारोळीच्या, झाडावर फळ अजून हिरवंगार असतं, आतलं बी धड भरलेलं नसतं, तरी लोक पोती घेऊन निघतात. आज आपण नाही तोडलं तर उद्या दुसरा तोडेल, एवढंच कारण. मग जो तो दोन दिवस आधी जातो, पुढच्या वर्षी आणखी दोन दिवस आधी. फांदीला हात पोचला नाही की कुऱ्हाड चालते. फांदी खाली पाडून सावलीत बसून फळं ओरबाडायची, हे सोपं पडतं. पण ती फांदी पुढची कित्येक वर्षं फळत नाही.

हा लेख त्या शर्यतीतून बाहेर कसं पडायचं यासाठी लिहितोय. बचत गटातल्या बाया, ऊसतोडीहून किंवा आदिलाबादकडच्या मजुरीहून परतलेली पोरं, शिक्षण संपवून गावात काही करू पाहणारे, अशा सगळ्यांसाठी. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चार येतं त्यांना यातलं बरंच ठाऊक असेल. त्यांनी हिशेबाचा आणि कागदाचा भाग तेवढा वाचला तरी चालेल.

मराठवाडा म्हटलं की डोळ्यांपुढे काळं रान, कापूस, सोयाबीन आणि टँकर येतो. जंगल आपल्याकडे मुळातच थोडं. जे आहे त्यातला मोठा तुकडा नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, पैनगंगेच्या अंगाला आहे. साग, मोह, तेंदू, बेहडा, धावडा, चार, बिब्बा. हे पानझडीचं जंगल, सदाहरित नव्हे. पण रानातलं फळ विकून रान राखायचं, हा विचार ज्या जंगलांनी जगाला शिकवला ती मात्र खरोखर वर्षावनं आहेत, म्हणून तिथली एक गोष्ट आधी सांगतो.

अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात, ब्राझील, पेरू आणि बोलिव्हियात, ब्राझील नटचं उंचच उंच झाड असतं. त्याचं फळ नारळासारखं टणक, दोन किलोपर्यंत भरणारं. ते कुणी झाडावर चढून तोडत नाही. पावसाळ्यात ते आपोआप खाली पडतं आणि लोक वेचून आणतात. त्याची फुलं फळाला धरायला रानातल्या दांडग्या मधमाश्या लागतात आणि ते टणक कवच कुरतडून बी इकडेतिकडे पुरायला अगूती नावाचा कुरतडणारा प्राणी लागतो. जंगल मोडून नुसतं हेच झाड ठेवलं तर ते फळायचं कमी होतं. म्हणजे फळ हवं असेल तर सगळं जंगलच उभं ठेवावं लागतं. रबराचा चीक काढणाऱ्या कामगारांचे पुढारी चिको मेंडिस यांनी नेमकं हेच मांडलं आणि डिसेंबर १९८८ मध्ये त्यांचा खून झाला. पुढे ब्राझीलमध्ये रानमेवा गोळा करणाऱ्या लोकांसाठी जंगलं राखीव झाली, त्यातल्या एकाला त्यांचं नाव आहे. मात्र २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असंही दिसलं की जिथे अनेक दशकं सगळंच्या सगळं बी वेचून नेलं, तिथे मोठी झाडं होती पण तरणी झाडं जवळपास नव्हती. झाडाला इजा न करताही रान म्हातारं होऊ शकतं. हे वाक्य लक्षात ठेवा, आपल्या चाराच्या रानात तंतोतंत तेच चाललं आहे. शिवाय आपल्याकडे वरून कुऱ्हाडही आहे.

आधी हक्क, मग टोपली

नवा माणूस आधी टोपली विकत घेतो. तुम्ही आधी ग्रामसभेचं दप्तर बघा.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर, म्हणजे लाकूड सोडून रानातून येणाऱ्या वनस्पतींच्या उत्पन्नावर, ते परंपरेने गोळा करणाऱ्यांची मालकी मान्य केली आहे. गोळा करणं, वापरणं आणि विकणं, तिन्ही त्यात येतं. अनुसूचित जमातींना हा हक्क आहे. १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, जंगलात किंवा जंगलावर जगत आलेल्या इतर पारंपरिक वननिवासींनाही आहे. गोंड, कोलाम, परधान, आंध ही आपल्याकडची मंडळी पहिल्या गटात येतात.

तेव्हा तीन गोष्टी विचारा. एक, गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आहे का? दोन, मिळाला असेल तर नकाशात कोणता भाग आहे? तीन, जंगल राखण्यासाठी ग्रामसभेची समिती नेमली आहे का? दावा अजून झालाच नसेल तर वनहक्क समिती बसवून सामूहिक हक्कासाठी नमुना ‘ब’ आणि सामूहिक वनसंपत्तीसाठी नमुना ‘क’ भरायचा. ग्रामसभेचा ठराव, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती, अशी वाट आहे. पुराव्यात म्हाताऱ्या माणसांचे जबाब धरले जातात. आजी-आजोबांना जवळ बसवून ते कुठल्या टेकडीवर चार वेचायचे, पाण्याला कुठे थांबायचे, हे लिहून घ्या. ही माहिती पुढे झाडं मोजतानाही कामाला येते, म्हणून घाई करू नका. किनवटला आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आहे, तिथे अर्जाचे नमुने आणि मदत दोन्ही मागा.

या हक्कामुळे देश ओळखतो अशा गावांची उदाहरणं फार लांब नाहीत. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि पुढे त्या गावाने स्वतःच्या रानातला बांबू स्वतः विकला.

पैनगंगा किंवा गौताळा अशा अभयारण्याच्या हद्दीत पाय टाकताना दुप्पट खात्री करा. हक्क मान्य झालेला नसेल तर तिथून पानही उचलू नका. आणि दुसऱ्या गावच्या शिवारातलं चार आपलं नाही, रान सरकारी दिसत असलं तरी. भांडणं नेमकी इथून सुरू होतात आणि एकदा भांडण पेटलं की हिरवी तोड कुणालाच थांबवता येत नाही.

झाडं ओळखा, मोजा

चाराचं झाड मध्यम उंचीचं. साल काळपट आणि चौकोनी चौकोनी तडकलेली, मगरीच्या पाठीसारखी. एकदा बोट फिरवलं की पुढे अंधारातही ओळखाल. पानं जाड, चामड्यासारखी, टोकाला बोथट. हिवाळा सरता सरता हिरवट-पांढरा बारीक फुलोरा येतो आणि चैत्र-वैशाखात फळं पिकतात. फळ करवंदाएवढं, आधी हिरवं, मग जांभळट, शेवटी काळं. गर आंबट-गोड, आत टणक बी, बियाच्या आत आपली चारोळी. आंबा, काजू, बिब्बा आणि चार, सगळे एकाच कुळातले.

मोजणी माघ-फाल्गुनात करा, तेव्हा फुलोऱ्यामुळे झाड लांबून दिसतं. चार-पाच जणांनी ओळीने चालायचं. वहीत तीनच रकाने पुरेत: फळणारी मोठी झाडं, मनगटाएवढी तरणी झाडं आणि गुडघ्याखालची रोपं. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. मोठी झाडं शंभर आणि रोपं दोन-तीन असतील तर समजा की हे रान वरून हिरवं असलं तरी आतून संपत चाललं आहे. अशा टेकडीवर एक-दोन हंगाम अजिबात हात लावायचा नाही, असा ठराव करायची हिंमत गावाने दाखवली पाहिजे.

ज्या झाडांची साल सोललेली किंवा डिंकासाठी टोचे मारलेले दिसतात त्यांची वेगळी नोंद करा. डिंकाच्या दोन पैशांसाठी झाडच वाळतं.

तारीख गावाने ठरवायची

सगळ्या लेखातलं मला सांगायचं आहे ते इथे आहे. हिरवं चार तोडणारा माणूस अडाणी नसतो. काळं होईपर्यंत थांबलं तर बी भरतं, वजन वाढतं, भाव चांगला येतो, हे त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण तो एकटा थांबला तर त्याच्या वाट्याला मोकळी झाडं येतात. थांबणं हे एकट्याच्या हातातलं कामच नाही. अख्खं गाव थांबलं तरच प्रत्येकाला थांबता येतं. म्हणून ‘लोकांना समजावून सांगा’ या उपायावर माझा फारसा विश्वास नाही. विश्वास आहे तो तोडबंदीवर.

ती अशी करा. टेकडीच्या खालच्या, मधल्या आणि वरच्या अंगाला एकेक झाड साक्षीला धरायचं. गुढीपाडव्यानंतर दर चार दिवसांनी दोन जाणत्या बाया आणि दोन तरुण जाऊन ती तीन झाडं बघतील. तिन्हीवर निम्म्याहून जास्त फळ काळं झालं की दवंडी द्यायची आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाने एकदम जायचं. कॅलेंडरवरची तारीख धरू नका. ज्या वर्षी फाल्गुनात अवकाळी गारा पडतात त्या वर्षी सगळं पुढे-मागे होतं.

शेजारच्या गावाशी बोलल्याशिवाय ही बंदी टिकत नाही. दोन्ही गावांच्या ग्रामसभांनी एकच दिवस धरायचा. दंड किती, तो कुणाकडे जमा होणार, हे आधीच लिहून ठेवा. दंडाची रक्कम छोटी असली तरी चालेल, पण पाटलाच्या घराला आणि मजुराच्या घराला सारखी हवी. व्यापाऱ्यालाही ठराव वाचून दाखवा: दवंडीआधी या गावात कुणी हिरवं चार घेतलं तर त्या हंगामात त्याला गावचा माल नाही.

जुन्या लोकांकडे हे वेगळ्या रूपात होतंच. गोंड आणि कोलाम घरांत नवं फळ देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालत नसत आणि तो दिवस गाव मिळून ठरवायचं. तो दिवस तुमच्या गावात अजून पाळत असतील तर नवा नियम काढू नका, तोच तोडणीचा मुहूर्त धरा.

आमचा गट पहिल्यांदा उतरला तेव्हा आम्ही यातलं काहीच केलं नव्हतं. घरोघरचा माल जसा आला तसा घेतला, हिरवा-काळा एकत्र. फोडायला बसलो तर निम्म्या बियांत चारोळी नव्हतीच, नुसती सुरकुतलेली पापडी. आमच्यातल्या एक आजी हातातली पापडी चुरडत म्हणाल्या, “येवढी घाई कामून केली? झाडाचं पोट तर भरू द्यायचं.” त्या वर्षी गटाचं भांडवल बुडालं आणि दोन बाया गट सोडून गेल्या. पुढच्या वर्षी साक्षीची झाडं धरली, ती त्या आजींच्याच सांगण्यावरून.

तोडणी

उजाडल्यावर निघा, अकराच्या आत परत या. वैशाखातलं आपलं ऊन सांगायला नको, डोक्याला पंचा आणि माणशी दोन-तीन लिटर पाणी हवंच. पहाटेच्या अंधारात मात्र शिरू नका. चार आणि मोह दोन्ही अस्वलाच्या आवडीचे, आणि खाण्यात गुंग असलेल्या अस्वलाला अचानक माणूस दिसला की ते अंगावर येतं. चार-पाच जणांनी मिळून जावं, बोलत जावं, कानात गाणी घालून जाऊ नये.

झाडाखाली जुनी लुगडी किंवा जाळी अंथरा. लांब वेळूला आकडी बांधा, फांदी हलकेच ओढा आणि काळ्या फळांचा घोस हलवा. पिकलेलं फळ आपसूक गळतं. ओढावं लागतं ते फळ तुमचं नाही, अजून झाडाचं आहे. काठीने झोडपू नका, त्याने कोवळी डिरी मोडते आणि पुढच्या साली फुलोरा तिथेच यायचा असतो. झाडावर चढायचं तर जाड फांदीवरच, आणि कुऱ्हाड-कोयता घरी ठेवूनच निघायचं. हत्यार जवळ असलं की वापरलं जातं.

एका झाडाला चार-चार दिवसांनी दोन-तीनदा भेट द्यावी लागते. यात पाय मोडतात, हे खरं आहे. पण एकदाच जाऊन सगळं ओरबाडण्यापेक्षा हाती येणारं भरीव बी जास्त असतं.

शेंड्याकडची फळं सोडा. ती बुलबुल, वानर, अस्वल खातील आणि बी लांब नेऊन टाकतील. चाराला पेरणारे हेच. आमच्याकडे दर पाच झाडांत एक झाड पूर्ण सोडायचं असं ठरलं आहे आणि त्या झाडाला चुन्याचा पट्टा मारतो. पाचात एक हा आकडा कुठल्या कायद्यातला नाही, तुमच्या वहीतला रोपांचा रकाना बघून तुम्ही तीनात एकही ठरवू शकता. सोडायचं झाड मात्र चांगलं, भरघोस फळणारं निवडा. किडकं झाड सोडून देवाला राखलं म्हणण्यात अर्थ नाही.

आगीबद्दल एकच सांगतो. मोहफूल नीट वेचता यावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवायची सवय आहे. ती आग तिथे थांबत नाही, आणि गुडघ्याएवढी चाराची रोपं त्यात पहिली जातात. खराटा घ्या, झाडाखालचं तेवढं झाडा. अर्ध्या तासाचं काम आहे.

घरी आल्यावर

आणलेला माल पोत्यात बांधून ठेवला तर एका रात्रीत तापतो आणि आंबतो. त्याच संध्याकाळी पसरा. सकाळी फळं भिजवून तळव्याखाली किंवा खरबरीत तरटावर घासून गर काढायचा, दोन-तीन पाण्यांतून बी धुवायचं. धुताना जे बी वर तरंगतं ते पोकळ, ते काढून टाका. बुडलेलं तेवढं ठेवा. ही साधी पारख पुढचा कितीतरी त्रास वाचवते. लेकरांना गर खाऊ द्या, रानातली ती एकच मिठाई आहे, फक्त बिया परत मागून घ्या.

बी आधी दोन दिवस उन्हात, मग सावलीत वाळवायचं. जमिनीवर नको, चटई किंवा ताडपत्रीवर. वाळलं का हे बघायला एक बी फोडून चारोळी दाताखाली धरा: कट्‌कन तुटली तर वाळली, वाकली तर अजून ओल आहे. ओल्या मालाला बुरशी धरते आणि बुरशी धरलेली चारोळी खाण्यातून बादच करायची, पुसून विकायची नाही.

फोडायला आमच्याकडे अजून जातंच वापरतात. वाळलेलं बी रात्रभर भिजवून, निथळून, थोडं सुकवून घेतात. मग जात्याच्या मधल्या खुंटीवर चिंधीची छोटी चुंबळ ठेवून वरची पाळ किंचित उचलतात, म्हणजे दोन दगडांत बियाएवढी फट राहते. चुंबळ जाड झाली तर बी तसंच बाहेर पडतं, पातळ झाली तर चारोळीचं पीठ होतं. मी आजींना ही चुंबळ तीनदा उलगडून पुन्हा वळताना पाहिलं आहे. दरवेळी मूठभर बी टाकायच्या, एक फेरा द्यायच्या, खाली पडलेलं तळव्यावर घेऊन बोटाने चाळायच्या आणि काही न बोलता पुन्हा चिंधी सोडायच्या. चौथ्या वेळी अख्खे दाणे पडले. तेव्हा कुठे त्यांनी खुंटा धरला. मग सुपात पाखडणं आणि हाताने निवडणं. चारोळी फोडायची छोटी यंत्रंही मिळतात. माल जास्त असेल तर गटाने एक घ्यायला हरकत नाही, पण फट जुळवायचा हात आधी जात्यावरच बसवा.

चारोळीत तेल भरपूर, त्यामुळे फोडलेला दाणा लवकर खवट होतो. कवचातलं बी जास्त दिवस टिकतं. सगळं एकदम फोडू नका. किती बियातून किती चारोळी निघते ते दरवर्षी तुमच्या काट्यावर मोजून वहीत लिहा. व्यापाऱ्याशी बोलताना हाच आकडा तुमच्या हातातलं खरं हत्यार.

बिब्बा: वेगळं काम, वेगळी धास्ती

चार उन्हाळ्यात, बिब्बा हिवाळ्यात. मार्गशीर्षापासून माघापर्यंत मोठमोठ्या पानांच्या झाडाखाली काळी बी पडते. तिच्या डोक्यावरचं नारिंगी मांसल बोंड वाळवून खातात, त्याला बिब्ब्याची फुलं म्हणतात. काळ्या कवचाच्या आतला दाणा म्हणजे गोडंबी. बाळंतिणीच्या आणि डिंकाच्या लाडवात पडते तीच.

त्या कवचाच्या थरातच तेल असतं आणि ते चामडी जाळतं. धोबी कपड्यावर न जाणारी खूण करायला जे वापरायचे ते हेच. एखाद्याला बिब्बा उतला की हात सुजतात, फोड येतात, पापण्या मिटतात. मराठवाड्यात आणि पलीकडे विदर्भात किती बायांची बोटं या कामाने काळी पडून फाटली आहेत, ते त्यांचे हात बघितल्यावर कळतं. आणि मजुरी मिळते ती किलोवर, फोडांवर नाही. या कामात उतरणाऱ्या गटाने हातमोज्यांचा आणि औषधाचा खर्च मजुरीतून कापू नये, मालाच्या किमतीत धरावा. एवढं जमत नसेल तर गोडंबीत उतरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पडलेलाच बिब्बा वेचायचा, झाडावरचा कच्चा नाही. वेचतानाही हातमोजे हवेत, नाहीतर चिमटा. फोडायला बसताना पूर्ण बाह्या, आत सुती आणि वर रबरी हातमोजे, डोळ्याला चष्मा. हाताला आधी खोबरेल, जवळ परातभर राख. एका हाताने बी दगडावर धरून दुसऱ्याने ठोकायची पद्धत आहे, त्यात बी बोटांऐवजी लाकडी चिमट्यात धरा. काम चालू असताना तोंड, डोळे पुसायचे नाहीत, तंबाखू मळायचा नाही, लेकराला पाजायला उठायचं तर आधी साबणाने आणि गार पाण्याने हात धुवायचे. कवचं चुलीत घालू नका, त्या धुरानेही अंग उततं. डोळ्यात तेल गेलं, फोड पसरले किंवा श्वास जड झाला तर घरगुती उपाय सोडून सरळ दवाखाना. ज्याला एकदा जोरात उतला आहे त्याने पुन्हा या कामाला बसूच नये, त्याला वजन-हिशेबाचं काम द्या.

विक्री

पायलीने विकू नका. पायली शिगोशीग भरली की दाबून भरली, यावर दरवेळी वाद, आणि तो वाद तुम्हीच हरता. गटाचा स्वतःचा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या. पहिल्या कमाईतून घेण्यासारखी ती पहिली वस्तू.

वैशाखात सगळ्या गावांचा माल एकदम बाजारात येतो आणि भाव पडतो. चारोळीला खरी मागणी श्रावणापासून दिवाळीपर्यंत, बासुंदी-श्रीखंड-लाडवांच्या दिवसांत. म्हणून जमेल तेवढं बी कवचातच कोरड्या जागी ठेवा आणि सणाच्या आधी फोडा. पण घरात पैसा लागतो वैशाखातच: बियाणं, खत, लेकरांची शाळा. गटाने अंतर्गत कर्जातून त्या वेळी निम्मी उचल दिली तरच बाई माल धरून ठेवू शकते. उचल दिली नाही तर ‘थांबा’ म्हणायचा आपल्याला अधिकार नाही.

केंद्र सरकारने २०१३-१४ पासून गौण वनोपजासाठी हमीभाव योजना सुरू केली आहे. तिच्या यादीत चारोळीचं बी आहे आणि पुढे बिब्बाही आला. चालू वर्षाचा दर आणि आपल्या भागातलं खरेदी केंद्र हंगामाआधी आदिवासी विकास महामंडळाकडे विचारा. खरेदी प्रत्यक्षात सुरू नसली तरी दर माहीत असणं उपयोगी पडतं, त्याच्याखाली बोली आली की नाही म्हणता येतं. २०१८ पासूनच्या वनधन योजनेत साधारण ३०० जणांचं केंद्र होतं, १५ गट आणि प्रत्येकात २० माणसं. प्रशिक्षण आणि यंत्रसामग्रीला त्यातून मदत मिळते. तुमच्या आसपासची गावठाणं, गुडे (वाड्या) मिळून असे पंधरा गट होत असतील तर चौकशी करा. पाकीटबंद माल विकायचा तर अन्न सुरक्षा नोंदणी काढून घ्या, पाकिटावर वजन, तारीख आणि नोंदणी क्रमांक छापा.

माल बाहेर नेताना वाहतुकीचा परवाना लागतो. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार सामूहिक हक्क मिळालेल्या ठिकाणी हा परवाना ग्रामसभेची समिती देऊ शकते. नाक्यावर अडवलं तर आवाज चढवू नका, ठरावाची आणि हक्कपत्राची प्रत गाडीतच ठेवा.

मिरगाला बी परत

तरंगलेलं सोडून बुडालेल्या बियांतलं सगळ्यात भरीव असं एक माप फोडायच्या आधीच वेगळं काढा. ते विकायचं नाही. चाराचं बी फार दिवस जिवंत राहत नाही, गेल्या वर्षीचं पेरून उपयोग नाही. कवच टणक असल्याने उगवणही कमी, म्हणून पेरायच्या आधी दिवसभर भिजवून, कवचाला हलकीशी भेग पाडायची, आतला दाणा न दुखावता.

पिशवीत रोप करायचं तर पिशवी लांब घ्या. याचं सोटमूळ झपाट्याने खाली जातं आणि बुटक्या पिशवीत वळून बसतं, असं रोप रानात लावलं तरी खुरटतं. माझ्या अनुभवात जागेवर टोकणंच बरं. पहिला दमदार पाऊस झाला की करवंदीच्या जाळीच्या कडेला, जिथे शेळीचं तोंड पोचत नाही, तिथे दोन-दोन बिया बोटभर खोल टाकायच्या आणि बाजूला दगडाची खूण ठेवायची. आमच्या शाळेतली पोरं हे काम एका सकाळी करतात, प्रत्येकाच्या खिशात वीस बिया. श्रावणात जाऊन खुणेचे दगड मोजतात, किती उगवले ते वहीच्या तिसऱ्या रकान्यात लिहितात आणि जाळीतून डोकं काढलेल्या रोपांभोवती काट्या रोवून परत येतात.